दोन बोटं खाली

मी इंजिनिअर होतो आणि ती बाल्कनी माझ्यामुळे वाकली, एवढं आधी लिहून टाकतो.

निवृत्तीनंतर दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून जायचं कुठे, ही आम्हा मराठी बाबूंची काळजी होती. नव्वदीच्या दशकात काही घरांनी मिळून दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत सोसायटी काढली. तेव्हा तिथे बाभळी, धूळ आणि अर्धवट इमारती होत्या. कमिटीत इंजिनिअर मी एकटाच, म्हणून बांधकामावर देखरेख माझ्याकडे आली. खरं तर माझी सगळी नोकरी फायलींवर गेली होती.

पाडव्याच्या सहा दिवस आधी पहिल्या बाल्कनीचं काँक्रीट ओतलं. आपल्या जागेतली पहिली गुढी तिथेच उभारायची, असं बायकांनी ठरवलं. पण स्लॅबखाली अजून लाकडी बल्ल्यांचे टेकू होते.

"या बल्ल्यांच्या जंगलात गुढी दिसणार कोणाला?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "भावजी, तुम्ही इंजिनिअर ना? की नुसत्या सह्याच करता?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण ते लागलं.

पाडव्याच्या सकाळी मी मिस्त्रीला टेकू काढायला सांगितलं.

"बाबूजी, छह दिन हुए हैं। ऊपर से सूखा है, अंदर अभी कच्चा है।"

"पत्थर हो गया है। निकालो।"

त्याने काढले. गुढी उभी राहिली, गाठी वाटल्या, फोटोसाठी पंधरा-वीस माणसं बाल्कनीत दाटीवाटीने उभी राहिली. सगळे उतरल्यावर मिस्त्रीने मला वर बोलावलं. पातळी बघायला त्याने प्लास्टिकच्या नळीत पाणी भरलं, एक टोक भिंतीशी धरलं, दुसरं बाल्कनीच्या कडेला. कडा दोन बोटं खाली गेली होती.

कुठे तडा नव्हता, आवाज झाला नव्हता. घट्ट वस्तू जशीच्या तशी राहते किंवा तुटते, एवढंच मी धरून चाललो होतो. आमच्या पायाखाली ती मुकाट्याने वाकत होती, आणि आम्ही फोटोसाठी आणखी सरकून उभे राहत होतो. टेकू लगेच परत लावले. कडा वर आली नाही.

कमिटीच्या बैठकीत अध्यक्षांनी मिस्त्रीला विचारलं, "किससे पूछकर निकाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी समोरचा नकाशा उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. कडेला सिमेंटचा जास्त मसाला भरून आम्ही जमीन सपाट दिसेल अशी केली, म्हणजे वाकलेल्यावर आणखी वजन चढवलं.

सोडतीत त्या बाल्कनीचा फ्लॅट वहिनींनाच मिळाला. गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या इंजिनिअर मुलीने बाल्कनी पाडायला सांगितली. वहिनी म्हणाल्या, "त्या मेल्या मिस्त्रीने तेव्हाच वाट लावली."

इतकी वर्षं हे वाक्य मी ऐकून घेत आलो होतो. त्या दिवशी मला गप्प बसवेना. मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे मी त्या माणसाला उगाच शिव्या देत होते?"

"हो."

"काय नाव होतं हो त्याचं?"

मी तोंड उघडलं. दीड वर्ष तो रोज माझ्यासमोर होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.