ग्राफिक्स कार्डाची ऊब

तेलगावात माझं लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग करायचं दुकान होतं. पडद्यावर नवरा-नवरीभोवती गुलाब उमलावेत म्हणून मी हौसेनं कॉम्प्युटरात मोठं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि पस्तावलो. ते असं तापायचं की पडद्यावरची वरात दाराशी येईपर्यंत कॉम्प्युटर बंद! शेवटी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला.

थंडीचे दिवस होते. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. एक म्हातारा रोज यायचा, डब्याच्या पलीकडे उकिडवा बसून गरम हवेवर तळवे धरायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तरीही अधूनमधून कॉम्प्युटर बंद पडला की मी शिव्या घालायचो. तो डब्याला हात लावून म्हणायचा, "अजून ताप हाय. बसतो मी जवळ."

एकदा मी करवादलो, "बाबा, घरी शेकोटी करा की!"

"एकट्यासाठी जाळ कशापायी करायचा? पोरं-सुना समदी तोडीला गेलीत."

मग बीडहून चांगला पंखा आणून कार्डावर बसवला, झाकण लावलं. म्हाताऱ्यानं डब्यापाशी तळवा धरला. हवा गार होती.

"उतरला की ताप!" त्याला खरंच आनंद झाला.

"बसा ना, बाबा."

"बरा झालेल्यापाशी कशाला बसायचं?" टॉवेल झटकून तो गेला, तो परत आलाच नाही.

काही दिवसांनी मी झाकण काढलं, नव्या पंख्याची वायर उपटली, टेबलफॅन लावला. पडद्यावरची वरात मधेच थांबली. दाराकडे बघत मी डब्याच्या पलीकडे उकिडवा बसलो आणि तळवे पुढे धरले.