हेलपाटा

आधीच सांगते, मी या विषयावर लिहिणारी बाई नव्हे. हा धागा मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचत आलेय. माझे वडील पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये नोकरीला होते... आमच्याकडे दिवे गेले की भूत नाही, फ्यूज बघायचे. त्यामुळे जे झालं ते झालं तसं लिहिते. पटलं तर पटलं.

आमचं गाव खेड तालुक्यात आहे, स्टेशनपासून एसटीनं तासाभरावर. आई-बाबा आता तिथेच राहतात. वेशीवर एका झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. राखणदार म्हणजे गाव सांभाळणारा. तो सतत फिरतीवर असतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दर शिमग्याला त्याच्यापुढे नवा जोड ठेवायचा, चांगल्या जाड कातड्याचा. वर्षभरात तो झिजतोही. पाऊस, वाळवी आणि कुत्री, असं मी शाळेत असल्यापासून सगळ्यांना सांगत आले. कोणी वाद घालायचं नाही. "असंल," म्हणायचे आणि पुढच्या शिमग्याला नवा जोड ठेवायचे.

पुण्यातली नोकरी सोडून मी एकटी, पाठीवर सॅक टाकून जग बघायला निघाले तेव्हा बाबांनी मला त्या दगडापुढे उभं केलं. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. तात्या म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ, गावचे मानकरी. नारळ ठेवून ते मोठ्यानं देवाला सांगतात आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. गाऱ्हाण्यात माझं पाळण्यातलं नाव घेतात, सुभद्रा. हे नाव पासपोर्टवर नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही, फेसबुकवर तर नाहीच. घरातसुद्धा कोणी त्या नावानं हाक मारत नाही.

नारळ फुटल्यावर तात्या मला म्हणाले, "जिथं जाशील तिथला पत्ता कळवत जा. माज्यासाटी न्हाय गो, त्याच्यासाटी. पत्त्याबिगर तो शोधल कुटं?"

मी हो म्हटलं. हसू आवरून.

पहिले काही महिने काय सांगू! व्हिएतनाममध्ये एका बाईनं मला लावणीला चिखलात उतरवलं आणि माझा हात चालताना बघून तिनं सगळ्या शेजारणींना बोलावून आणलं. तुर्कस्तानात बस चुकली तर एका कुटुंबानं घरी नेऊन जेवू घातलं. रोज नवी माणसं, रोज नवं काहीतरी. मी फुलपाखरासारखी हलकी झाले होते. दर मुक्कामाचा पत्ता बाबांना कळवायचे, बाबा तात्यांना सांगायचे आणि तात्या ते नाव आपल्या पद्धतीनं देवाच्या कानावर घालायचे.

मग कधीतरी ते सगळं विझलं. कधी ते सांगता येणार नाही, कारण काही घडलंच नाही. हॉस्टेलच्या बंक बेडवर पडल्यावर आपण कुठल्या देशात आहोत हे आठवावं लागायचं. कुठून आलीस, किती दिवस झाले, पुढे कुठे जाणार... तेच प्रश्न, तीच उत्तरं. ज्यांच्याशी जिवाभावाचं बोलावं ती माणसं दुसऱ्या दिवशी सॅक उचलून निघून जायची. समोर बर्फाचा डोंगर असायचा आणि मी त्याचा फोटो काढायचे, कारण फोटो काढायचा असतो. वाईट वाटत होतं असं नाही. काहीच वाटत नव्हतं. परत जावं असंही नाही आणि पुढे जावं असंही नाही.

अशा अवस्थेत मी जॉर्जियात पोचले. तिथल्या उत्तरेच्या डोंगरात मेस्टिया म्हणून छोटं शहर आहे. तिथल्या एका गेस्टहाऊसमध्ये खोली बुक केली आणि बाबांना पत्ता कळवला. सवयीनं. मग मिनीबसमध्ये बसले आणि अर्ध्या वाटेवर एका खेड्यात गाडी चहाला थांबली तेव्हा उतरले, ती परत चढलेच नाही. कारण? पुन्हा उठून बसण्याचा कंटाळा आला. खरंच एवढंच. समोरच्या घरात खोली मिळाली. मोबाइलचं चार्जिंग संपलं, ते मी केलं नाही. पडून राहायचे. घरमालकीण पाव आणि चीज ठेवून जायची, त्यातलं थोडं खायचे. बरेच दिवस गेले.

शेवटी ती मालकीण थंडीसाठी घर बंद करून मुलाकडे निघाली, म्हणून मलाही निघावं लागलं. म्हटलं मेस्टियाला जाऊ, त्या गेस्टहाऊसमध्ये जेवणखाण आणि पलंगाच्या बदल्यात हिवाळाभर काम मागू. व्हिसा संपला तर संपला. घरी जायचं नाही हे मी ठरवलं नव्हतं, पण ते तसंच होत चाललं होतं आणि मी ते होऊ देत होते.

भर दुपारी पोचले. गेस्टहाऊसची मालकीण नानुली, साठीची असेल, अंगणात लाकडं रचत होती. मला बघितल्याबरोबर लाकडं टाकून आली आणि तोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "तुझे मामा येऊन गेले."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. माझ्या मामांचं खेडला किराणा दुकान आहे आणि ते चिपळूणच्या पलीकडे कारणाशिवाय जात नाहीत. मग तिनं मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर दाखवलं, त्यांच्या भाषेत 'मामा' म्हणजे वडील. बाबा? इथे?

कसे दिसत होते, विचारलं. उंच. पांढरी मिशी. अंगावर काळं जाड कांबळं, हातात काठी. पाय गुडघ्यापर्यंत उघडे आणि बाहेर बर्फ पडत होता. दोन-तीन दिवस पायरीवर बसून होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. चहाला हात लावला नाही, मात्र घरची द्राक्षाची दारू दिली ती घेतली. एकच शब्द बोलायचे. यायची राहिलेली इंडियन मुलगी एकच होती, म्हणून नानुलीनं ओळखलं की ते तुझ्यासाठीच आलेत.

"कुठला शब्द?" मी विचारलं.

तिनं आठवून, जपून सांगितलं. "सुबद्रा."

मी मोबाइल चार्ज केला आणि घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. ते घरीच होते, कुठेही गेले नव्हते. फोन लागेना म्हणून आईनं जेवण सोडलं होतं. पोलीस, एम्बसी सगळीकडे कळवून झालं होतं आणि काही सुचेना तेव्हा बाबा, पॉवरहाऊसवाले माझे बाबा, स्वतःहून तात्यांकडे गेले होते. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. मेस्टिया त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते मेस्त्रीवाडी म्हणाले. बा म्हाराजा, तुजी लेक सुभद्रा मेस्त्रीवाडीस हाय, जा नि तिला घेऊन ये.

"आणि तू तिथंच आहेस ना?" बाबांनी विचारलं.

"आता आहे," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि जाऊन त्या पायरीवर बसले. खरं तर रडू यायला हवं होतं, आलं नाही. फक्त एवढंच डोक्यात येत होतं, की कोणीतरी एवढ्या लांब चालत आलं, थंडीत बसून राहिलं आणि मी अर्ध्या वाटेवर उतरून झोपले होते. मी मधेच उतरलेय हे त्याला रस्त्यात कोणी सांगितलंही नसेल. मग मला भूक लागली. महिनोन् महिने लागली नव्हती तशी, कडकडून. नानुलीनं वाढलं ते सगळं मी खाल्लं आणि तिला विचारलं, खाली विमानतळाकडे जाणारी गाडी कधी असते.

घरी आले तर आईनं ओवाळायच्या आधी तात्याच दारात आले आणि मला वेशीवर घेऊन गेले. दगडापुढे करकरीत नवा जोड होता. शिमग्याला अजून अवकाश होता. तात्या म्हणाले, औंदा मधीच नवा ठेवावा लागला, आधीचा एकाएकी गेला. त्यांनी तो टाकला नव्हता. झाडामागून काढून हातात दिला. टाचा पार गेलेल्या, तळ जाळीसारखे झालेले. वाळवी नव्हती, वाळवी मला ओळखता येते. कातड्याच्या चिरांत बारीक करडी खडी अडकली होती. आमच्याकडे पायाला लागते ती लाल माती, चहूकडे जांभा. तशी खडी मी मेस्टियाच्या रस्त्यावर पायाखाली तुडवली होती.

"लय चाल झाली त्याची," तात्या एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता मी रत्नागिरीत नोकरी करते. आतून सगळं पूर्वीसारखं झालंय असं नाही, हळूहळू होतंय. नानुलीला मी पुन्हा फोन करून खोदून खोदून विचारलं. ती तेच सांगते. कोणी भटक्या असेल, नाव योगायोगानं जुळलं असेल, खडी कुठूनही आली असेल... हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. तुमच्याकडे याहून बरं काही असेल तर जरूर लिहा.

तोवर मी एक करते. कुठेही निघाले की तात्यांना फोन करून नीट पत्ता सांगते. मागच्या रविवारी मैत्रिणींबरोबर आरे-वारेच्या जोडकिनाऱ्यावर गेले होते. आरे म्हणून सांगितलं होतं, पण तिथे गर्दी फार, म्हणून पलीकडे वारेच्या बाजूला जाऊन बसलो. मी उठून लगेच फोन केला. मैत्रिणी हसल्या, हसू देत. म्हाताऱ्या माणसाला उगाच हेलपाटा नको.