नऊ नंबरच्या ट्रामची मोटार

आमच्या शेजारच्या शेडमध्ये काहीतरी काळंबेरं चाललंय, ही अफवा डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पसरवली, असं माझी बायको शर्वाणी अजूनही म्हणते. साफ खोटं. मी फक्त दिसलं तेवढं लिहिलं. डिसेंबर २०२० मधली सकाळ होती, डॉक्टर माधवीच्या दारात व्हॅन आली, मास्क लावलेल्या चार आयरिश बाप्यांनी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, अर्ध्या माणसाएवढं काहीतरी कण्हत-कुंथत मागच्या बागेत नेलं. मग तसंच दुसरं नेलं. आणि त्यांच्या मागून माधवीच्या आई, वासंतीकाकू, "स्लो! स्लो! आपटू नका रं!" म्हणून ओरडत होत्या. एवढंच लिहिलं. पुढचं लोकांनी मनानं लावलं. कुणी म्हणालं, पापडाचं मशीन असणार. कुणी नको तेही म्हणालं.

दुपारी काकूंनीच कुंपणावरून हाक मारली.

"हरीश, खिडकीतनं मान लांब करून करून जिराफ होशील. ये हिकडं, आत येऊन बघ."

शेडमध्ये ताडपत्रीवर दोन आर्मेचर पडली होती. आर्मेचर म्हणजे मोटारीच्या पोटातला फिरणारा गोळा, तांब्याच्या तारांनी लपेटलेला. ही दोन होती एका ट्रामची. काळी ठिक्कर, जळलेली, मरून पडल्यासारखी. म्हणजे माझी अफवा अगदीच काही चुकीची नव्हती.

पण काकू कोण, ते आधी सांगतो. सांगलीला मार्केट यार्डाच्या बाजूला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, गाळा विकून टाका. त्यांनी तो विकला नाही, त्यात स्वतःच जाऊन बसल्या. एकतीस वर्षं पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, साखर कारखान्यातल्या जुन्यापान्या मोटारी, जळलेलं जे येईल ते सोडवायचं आणि पुन्हा गुंडाळायचं. "माझ्या हातची मोटार परत आलेली न्हाय," हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणायच्या, लोक गोळी घेतात तसं. फेब्रुवारी २०२० मध्ये नातीला बघायला तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानंच बंद झाली. मुलगी दिवसभर हॉस्पिटलात, नात लॅपटॉपवर शाळेत. काकूंनी पहिल्या महिन्यात माधवीचा मिक्सर, हेअर ड्रायर आणि आमचा व्हॅक्युम क्लीनर उघडून दुरुस्त केला. यातला हेअर ड्रायर बिघडलेला नव्हता.

तर जुलैमध्ये बंधनं जरा सैलावली आणि आम्ही कालव्याच्या कडेनं फिरायला जात होतो. मी, शर्वाणी आणि काकू, दोन-दोन मीटर अंतरानं, रुसलेल्या वऱ्हाडासारखे. एका ठिकाणी काकू थबकल्या. मास्क खाली ओढला, हवा हुंगली.

"कुणाची तरी कॉइल जळली."

मला फक्त गवताचा वास येत होता. काकू मात्र माग काढत कालव्यापासून आत, एका पत्र्याच्या लांबलचक शेडपाशी पोचल्या. दार उघडं होतं, आतून निळा धूर येत होता आणि धुरात उभी होती एक दुमजली ट्राम. गर्द निळी, बाजूला सोनेरी आकडा नऊ, मागे गोल वळणाचा जिना, पितळेच्या दांड्या अशा लखलखीत की त्यात मी माझे केस नीट केले.

डब्लिन शहरातल्या जुन्या ट्रामा १९४९ सालीच थांबल्या. रूळ उखडले, डबे विकून टाकले. ही नऊ नंबरची एका शेतकऱ्यानं नेली आणि तिच्यात साठ वर्षं कोंबड्या राहिल्या. मग या शेडमधल्या हौशी मंडळींनी ती आणली आणि बारा वर्षं रोज थोडीथोडी कोंबड्यांच्या ताब्यातून सोडवली. म्होरकी नोरीन, निवृत्त शाळामास्तरीण. आणि फिटर फिंटन, ज्यानं चाळीस वर्षं बसची इंजिनं दुरुस्त केली होती आणि ज्याचा चेहराही गिअरबॉक्ससारखा बंद असे. मंडळींनी शेडबाहेर तीनशे मीटर रूळ टाकला होता, वर तार ओढली होती, परदेशातल्या भंगारातून दोन मोटारी मिळवल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा वीज सोडली आणि दोन्ही मोटारींनी धूर काढला.

काकू सरळ आत. मोटारीवर नाक टेकवायचंच बाकी.

"कॉइल गॉन," त्या फिंटनला म्हणाल्या. "कॉपर गुड. व्हार्निश बोगस. आय डू."

फिंटननं माझ्याकडे पाहिलं. या बाई कोण, असं नव्हे, या बाईंना घेऊन जा, असं. त्याला मोटारी इंग्लंडला पाठवायच्या होत्या. पण तिकडे वर्षाची रांग होती आणि त्यात महामारी. नोरीननं विचारलं, "त्यांना येतं का हे काम?" मी म्हणालो, यांच्या हातची मोटार परत आलेली नाही. झालं. ते वाक्य मीच तिथं नेऊन ठेवलं, हे लक्षात असू द्या.

म्हणून ती व्हॅन. पुन्हा लॉकडाउन लागलं तर शेड बंद होणार, काम घरीच असलेलं बरं. आणि लागलंच. तो सबंध हिवाळा आमच्या कुंपणापलीकडून टकटक ऐकू यायची. खोबणीत तांब्याची पट्टी बसवून लाकडी हातोडीनं ठोकण्याचा आवाज, घड्याळासारखा. कॉइलवर व्हार्निश चढवलं की ते तापवून सुकवावं लागतं. मोठ्या आर्मेचरसाठी काकूंनी शेडमध्ये पत्र्याची पेटी करून आत हीटर ठेवला. छोट्या कॉइली माधवीच्या ओव्हनमध्ये. त्या वर्षी त्यांच्याकडून आलेल्या केकला जो वास होता, तो शर्वाणी वेलदोड्याचा समजून वाखाणत राहिली.

कधीकधी ड्यूटीवरून आलेली माधवी अंघोळ करून शेडमध्ये जाऊन बसायची. आई कॉइलवर कापडी पट्टी गुंडाळायची, ही नुसतं रीळ धरायची. दिवसभर तिनं काय पाहिलं हे काकू विचारत नसत. फक्त म्हणत, "ताण धर. ढिलं सोडू नगं." त्या हिवाळ्यात माधवीला दुसरं कुणी इतकं सोपं काम दिलं नसेल.

उन्हाळ्यात परतीची विमानं मिळू लागली. काकू जाईनात. "ट्राम चालल्याबिगर मी हलत न्हाय." शेवटी तिकीट काढलं १६ ऑक्टोबर २०२१ चं. आणि शेडच्या कमिटीनंही ठरवून टाकलं होतं, फिंटनच्याच सूचनेवरून, की सुरक्षा तपासनीसासमोर ट्राम स्वतःच्या मोटारींवर चालली तर ठीक, नाहीतर मोटारी काढायच्या, चाकं जागच्या जागी जाम करायची आणि नऊ नंबर चौथऱ्यावर शोभेला ठेवायची. तपासनीसाची तारीख मिळाली १४ ऑक्टोबर, गुरुवार. मी कॅलेंडर पाहिलं आणि मला गुदगुल्या झाल्या.

"काकू, त्या दिवशी खंडेनवमी."

"ठावं हाय. सकाळी हत्यारांची पूजा करीन आन् हात हलवत येईन. काम संपलंय माझं. नुसतं बघायला तर यायचंय."

आल्या त्या थाटातच. इरकल लुगडं, त्यावर माधवीचा रेनकोट, पायात गमबूट. पक्कड, हातोडी, पाने सगळे घरी पाटावर हळदकुंकू लावून बसवलेले, दसऱ्याशिवाय हात लावायचा नाही. हातात फक्त नारिंगी फुलांचा हार. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटमधली कसलीशी आयरिश फुलं ओवली होती. तो त्यांनी ट्रामच्या पुढच्या दिव्याला घातला. तपासनीसानं वहीत काहीतरी टिपलं.

जनरेटर सुरू झाला. वरचा दांडा तारेला टेकला. फिंटननं मोटारींना वीज सोडायचं हँडल पहिल्या खाचेवर आणलं.

ट्राम कण्हली. छतापासून चाकांपर्यंत थरथरली, खिडक्यांच्या काचा वाजल्या. आणि जागेवरून बोटभरही सरकली नाही. फिंटननं पुन्हा हँडल फिरवलं. पुन्हा तेच, वर धाडकन ब्रेकर पडला. तपासनीस म्हणाला, त्याला एक वाजता निघावं लागेल. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ग्रँड," फिंटन म्हणाला. इथली माणसं काहीच ठीक नसतं तेव्हा हा शब्द ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात.

काकू लुगडं खोचून रुळांखालच्या खड्ड्यात उतरल्या. मी काठावरून टॉर्च धरला. डोक्यावर दोन मोटारी, एकमेकींकडे तोंड करून. काकू एकीकडे बघत, मग दुसरीकडे. बराच वेळ. वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पडलेला पाहिला.

"हरीश, सांग त्यांना. मोटारी चांगल्या हायेत. मी चुकले."

मला जगातली कुठलीही बातमी सांगायला आवडते. ही नव्हती सांगायची.

"काकू," मी हळूच म्हणालो, "जोडणी फिंटननं केलीय. जोडणी चुकली म्हणतो मी. कुणाला कळतंय?"

"वायरींवर चिठ्ठ्या कुणी लावल्या?"

"तुम्ही."

"त्यानं चिठ्ठ्या बघून जोडलं का न्हाय?"

"जोडलं."

"मग जसंच्या तसं सांग. आन् दुसऱ्याच्या गळ्यात घालायची तुझी खोड हिथं नगं दाखवू."

मी सांगितलं. फिंटनला पटेना. दोन्ही मोटारी टेबलावर, अंगावर काढलेला बाण दाखवतो त्याच दिशेनं अचूक फिरल्या होत्या, त्यानं स्वतः पाहिलं होतं. तेव्हा काकूंनी आम्हा दोघांना दंडाला धरून समोरासमोर उभं केलं, पोरांचा खेळ घ्यावा तसं.

"आपापल्या उजवीकडं चाला."

आम्ही चाललो. मी दाराकडे, फिंटन ट्रामकडे.

"बघा. दोघांनी माझंच ऐकलं आन् दोघं दोन दिशांना. मोटारींचं तेच झालंय. एक पुढं ओढतीया, दुसरी मागं." मग माझ्याकडे वळून, "पंप एकटा असतो रे. त्याच्या तोंडासमोर दुसरा नसतो कधी. एकतीस वर्षं बाणाकडं बघून चिठ्ठी लावली, हितंबी तशीच लावली. एका मोटारीच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. बास."

फिंटन दाराकडे बघत राहिला, मग ट्रामकडे. आणि त्या गिअरबॉक्सचा पहिल्यांदा गिअर पडला. तो हसला. खिशातून पाना काढून त्यानं काकूंपुढे धरला.

काकूंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आज न्हाय."

आता हे मी त्या माणसाला कसं समजावलं, ते मलाच ठाऊक. हत्यारं वर्षभर आपल्यासाठी राबतात, आज त्यांचा मानाचा दिवस, आज त्यांना राबवायचं नाही. तपासनीस घड्याळ बघतोय, नोरीन नखं खातेय, आणि मी प्रवचन देतोय.

"थट्टा करताय माझी," फिंटन म्हणाला.

"माझी हत्यारं बसलीयत," काकू म्हणाल्या. "त्याची बसलीयत का इचार."

फिंटनची बसली नव्हती. आणि मग शेडमधल्या सगळ्यांनी ते दृश्य पाहिलं. ज्यानं मोटारी इंग्लंडला पाठवायचा हट्ट धरला होता, तो सत्तरीचा फिंटन खड्ड्यात उताणा झाला आणि वरून गमबूट घातलेल्या सांगलीच्या बाई हुकूम सोडू लागल्या. "रेड वन आउट. येस. नाऊ ब्लॅक. टाइट! मोअर टाइट! आज जेवला न्हाय का ह्यो?" शेवटचं मी भाषांतरित केलं नाही. खालून आवाज आला, "येस, बॉस."

बारा चाळीसला फिंटन वर आला, हात पुसले आणि हँडल काकूंच्या हाती दिलं. म्हणाला, ज्यानं गुंडाळली त्यानं चालवावी. काकूंनी ते लगेच घेतलं.

"अहो, खंडेनवमी ना?" मी म्हणालो. "नियम भलताच सोयीचा दिसतोय."

"हे हत्यार हाय व्हय? हे वाहन. वाहनाला हार घातला की चालवायचंच असतं. बस गप आत."

फिंटन शेजारी ब्रेक धरून उभा, काकूंनी हँडल पहिल्या खाचेवर आणलं. या वेळी कण्हणं नाही. खालून बारीक गुणगुण निघाली, आणि कोंबड्यांचं ते घर अलगद, तुपातून चमचा सरकावा तसं, शेडबाहेर उन्हात आलं. तीनशे मीटर. नोरीननं घंटा वाजवली ती थांबवलीच नाही. सुट्टी काढून आलेली माधवी वरच्या मजल्यावर माझ्या शेजारी होती. डॉक्टर बाई, लाख प्रसंगांत कोरड्या डोळ्यांच्या, त्या दिवशी कठड्याला धरून रडत होत्या आणि मला म्हणत होत्या, वारा लागतोय. तपासनीसानं सही केली. "मोटारी कुणाच्या?" असं त्यानं विचारलं, म्हणजे कुठल्या कंपनीच्या. फिंटननं काकूंकडे बोट दाखवलं.

"यांच्या."

दुसऱ्या दिवशी दसरा. काकूंनी पाटावरची हत्यारं उचलली आणि बॅग भरायची सोडून मला शेडवर न्यायला लावलं. वायरी बदललेल्या मोटारीच्या झाकणावर त्यांनी आधीच पिवळ्या रंगानं नाव घातलं होतं, सगळे रिवाइंडर घालतात तसं. 'वासंती रिवाइंडिंग, सांगली.' आता खड्ड्यात उतरून त्याच्याखाली बारीक ब्रशनं लिहू लागल्या. मराठीत लिहिलं, मग मला विचारून विचारून त्याखाली इंग्रजीत.

'ही मोटार उलटी जोडायची. मी आधी चुकले होते.'

"काकू, चूक कशाला लिहून ठेवताय? कायमची राहील ती."

"त्यासाठीच तर लिवलंय. पन्नास वर्षांनी कुणी उघडील. त्याचा दिवस वाया जायला नगं." ब्रश पुसत त्यांनी मान तिरकी करून अक्षरं बघितली. "आन् मोटार परत आलेली न्हाय. हे तू ग्रुपवर टाक."

टाकलं. आता शेडवर कुणी पाहुणे आले की फिंटन त्यांना आधी खड्ड्यात उतरवतो आणि टॉर्च त्या अक्षरांवर धरतो. वरचं लखलखीत पितळ तो नंतर दाखवतो.