पाणी वजा करून

माझ्या साडूइतका पाण्यावर चिडलेला माणूस दुष्काळाची सवय असलेल्या आमच्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. तो एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि पाण्यात विरघळलेलं ग्लायसिन, म्हणजे सर्वांत साधं अमिनो आम्ल, अवरक्त किरणांनी ओळखू पाहायचा. प्रत्येक पदार्थ या किरणांतले ठरावीक किरण शोषतो आणि यंत्र त्याचा आलेख काढतं. अडचण अशी, की पाणी स्वतःच इतकं शोषतं की त्याखाली ग्लायसिन दिसेनासं होतं. म्हणून आधी नुसत्या पाण्याचा आलेख घ्यायचा, मग द्रावणाचा, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा.

ही वजाबाकी त्याने घरीही लावली. मेहुणी रागावली की तो शांतपणे ऐकून घेई. "हिचा रोजचा राग वजा केला, की आजचा कळतो," असं त्याने मला एकदा समजावलं. मेहुणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मग काहीच उरायचं नाही. सगळा रोजचाच आहे."

यंत्राजवळ तो कुणाला बोलू देत नसे. उच्छ्वासातली वाफही आलेखात उमटते. कर्जतकडच्या प्रयोगशाळा मदतनिसाने विचारलं, "सर, मंग श्वास काय भाईर ठिवून येऊ व्हय?" साडू म्हणाला, "जमलं तर बघा."

नमुना ज्या दोन चकत्यांमध्ये धरतात, त्या कॉलेजात मिठाच्या होत्या. त्यांना पाणी लावू नका, हे तो दरवर्षी पहिल्याच तासाला बजावी. एका संध्याकाळी ग्लायसिनच्या नादात त्याने स्वतःच त्यांत द्रावण भरलं. चकत्या विरघळल्या. पुढे बरेच दिवस स्टाफरूममध्ये मिसळ अळणी लागली की कुणीतरी म्हणे, "सरांची चकती आणा."

निवृत्तीच्या आठवड्यात पुण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाण्यात न विरघळणाऱ्या चकत्या उसन्या दिल्या. नोकरी संपण्याआधी ग्लायसिनचा एक स्वच्छ आलेख, एवढंच साडूला हवं होतं. पहिले प्रयत्न फसले. शेवटच्या दिवशी सत्कार उरकून, खांद्यावरची शाल मेहुणीकडे देऊन तो पुन्हा प्रयोगशाळेत शिरला. आम्ही मागोमाग गेलो, तर मदतनीस दारात आडवा. "थांबा म्याडम. सर वजाबाकी करत्यात."

बऱ्याच वेळाने साडू कागद घेऊन बाहेर आला. पाण्याची टेकडी गेली होती. दोन-तीन नेटकी शिखरं उरली होती. मेहुणीने कागद डोळ्यांजवळ धरला.

"यातलं तुमचं कुठलं?"

त्याने बोट ठेवलं.

"एवढंसंच?"

"एवढंसंच."

शाल आणि नारळ तिने माझ्या हातात दिले, आणि कागदाला चुणी पडू नये म्हणून स्कूटरवर तो साडूच्या पाठीवर दोन्ही तळव्यांनी सपाट धरून बसली. सावेडीच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिने हात काढले नव्हते.