गोकुळदासचा ठिपका

डिचोलीच्या बाजारात माझं मोबाईलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक काचेचं कपाट आणि त्यात कव्हरं, चार्जर, हेडफोन. हल्ली मनगटावरची घड्याळंही ठेवतो, कारण हल्ली डिचोलीत सगळे धावतात. ज्यांनी आयुष्यात कधी बस पकडायला पाय उचलला नाही, ते येऊन विचारतात, "दत्ताबाब, धांवपाक फोनावयलो ॲप बरो, काय घड्याळ बरें?" पूर्वी मी तासभर समजावत बसायचो. आता सांगतो, घरी तुमची काळजी करणारं कोण आहे त्याला विचारा, आणि मग त्याचं ऐकू नका. लोकांना वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय.

मला चेष्टा सुचत नाही. गोकुळदास आठवतो.

गोकुळदास आमच्या मये गावचा, माझ्या कुंपणाला कुंपण लागून त्याचं घर. जन्मभर तो खाणीवर वजनकाट्याच्या खोलीत बसला. टिप्पर काट्यावर चढायचा, हा आकडा बघायचा, चिठ्ठी फाडायचा. ड्रायव्हर म्हणायचे वजन कमी दाखवलंस, मालकाची माणसं म्हणायची जास्त दाखवलंस. दोन्हीकडून शिव्या खाऊन त्याचं एक मत पक्कं झालं होतं. एकदा आकडा लिहिला गेला, की कोणीतरी जाब विचारायला येतंच. घरात त्याने वजनाचा काटाच काय, साधा थर्मामीटर ठेवू दिला नव्हता.

खाणी बंद पडल्या आणि गोकुळदास घरी बसला. बसला म्हणजे दारापुढच्या बाल्कांवातल्या बाकावर खरोखरच बसला. पोट सुटलं, साखर वाढली. मग एका सकाळी उठला, जुने कॅनव्हासचे बूट घातले आणि तळ्याच्या दिशेने धावत सुटला. अर्धी चड्डी, वर बनियन. अख्खं मये हसलं, सगळ्यांत जास्त मी. "चोर फुडें गेलो काय रे?" असं मी कुंपणावरून विचारायचो. तो म्हणायचा, "तूं फाटल्यान यो, दोगूय सोदूंया."

त्याचं धावणं बघण्यासारखं होतं. वळणापर्यंत धावायचं आणि थांबायचं. तिथे कुणाची गाय व्याली ते विचारायचं. मग तळ्याच्या बांधापर्यंत धावायचं आणि पुन्हा थांबायचं. बांधावर गळ टाकून बसलेल्यांना न विचारता सल्ला द्यायचा, पाण्यावर खंड्या दिसला तर तो उडेपर्यंत उभं राहायचं. मी एकदा त्याला म्हटलं, धावण्यापेक्षा तू थांबतोसच जास्त. तो म्हणाला, "अरे, उगाच थांबलो तर लोक आळशी म्हणतात. धांवत येऊन थांबलो तर कोण कायच म्हणत ना." मला हे इतकं पटलं की मीही दोन दिवस धावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी गुडघा धरला.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्याच्या छातीत दुखलं. वेळेवर नेलं, स्टेंट बसवला, माणूस वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, बरं वाटलं तर हळूहळू धावा, पण जपून. गोकुळदासने त्यातलं "धावा" एवढंच ऐकलं आणि त्याच्या बायकोने, विनोदिनीवैनींनी, "जपून" एवढंच.

वैनींचं माहेर नदीकाठच्या चोपडे गावात. त्यांचे वडील होडीने मासे मारायला जायचे आणि आई पहाटे नदीकाठी उभी राहून परतणाऱ्या होड्या न्याहाळायची. त्यातली आपली होडी दिसेपर्यंत घरात चूल पेटायची नाही. हे वैनींनीच माझ्या बायकोला सांगितलं होतं. वडील नेहमी सुखरूप आले, तरी ते वाट बघणं लेकीच्या अंगात उतरलं ते उतरलंच. नवरा तळ्याकडे गेला की त्या फाटकापाशी येऊन उभ्या राहायच्या, हाताला पीठ लागलेलं असलं तरी.

चतुर्थीला सेजल पुण्याहून आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, तिथे नोकरीला. येताना बापासाठी घड्याळ घेऊन आली. ते धावणं मोजतं, काळजाचे ठोके मोजतं, माणूस पडला तर घरच्यांना कळवतं. ठोक्यांचे आकडे वैनींच्या फोनवर यायची सोय तिने करून दिली. गोकुळदासने घड्याळ जेमतेम दोन दिवस घातलं. तो जिना चढला की स्वयंपाकघरातून हाक यायची. शेवटी वैनींनी समोर येऊन विचारलं, "तुमचें काळीज इतलें कित्याक धांवता?"

"तूं मुखार उबी आसा म्हणून," गोकुळदास म्हणाला.

सेजल हसली, वैनी लाजल्या, पण संध्याकाळी घड्याळ डब्यात परत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिघंही माझ्या दुकानात हजर झाली.

"काका, तुम्हीच सांगा त्यांना," सेजल म्हणाली. "फोनमधलं ॲप फक्त पाय कुठे गेले ते सांगतं. आत काय चाललंय ते घड्याळालाच कळतं."

"म्हणूनच नाका," गोकुळदास म्हणाला. "म्हज्या काळजाचो आकडो म्हाका नाका. आकडो आयलो की ही जाब विचारतली. पायांचें कितें जाय तें मोजा."

"आणि खंय पडल्यार?" वैनींनी विचारलं. त्यांनी गंमत म्हणून विचारलं नव्हतं. डोळे भरले होते.

मी दुकानदार. मी दोन्ही बाजूंचं सांगितलं. घड्याळ हाताला बांधलेलं असतं, विसरत नाही, पण रोज चार्ज करावं लागतं आणि अंगाला लावायची इच्छा असावी लागते. फोन खिशात आपटतो, घामाने भिजतो, पण त्यातलं ॲप माणूस या क्षणी कुठे आहे ते घरच्यांना नकाशावर दाखवू शकतं. वैनींनी एवढंच उचललं. "म्हणजे तांची होडी म्हाका दिसतली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तडजोड झाली. घड्याळ डब्यात राहील, फोन सोबत जाईल, आणि गोकुळदास एकटा धावू शकेल. मी स्वतः ॲप घालून दिलं. नकाशावर निळा ठिपका उमटला, एक वैनींच्या फोनवर आणि एक पुण्याला सेजलच्या. तिघंही खूश होऊन गेली, आणि मी दंडाला बांधायचा पट्टा फुकट दिला.

पहिले काही दिवस वैनींच्या चेहऱ्यावर रंग आला. फाटकावर उभं राहणं संपलं. चहाचा कप घेऊन त्या ठिपक्याकडे बघत बसायच्या. पण ठिपक्याला एक खोड असते, माणूस थांबला की तोही थांबतो. आणि गोकुळदास म्हणजे तर थांबणाराच माणूस. गायीपाशी थांबला, फोन वाजला. खंड्यापाशी थांबला, फोन वाजला. "कित्याक रावल्यात? बरें दिसना?" त्या रागाने विचारत नसत, भीतीने विचारत. तो बिचारा सांगायचा, काही नाही गो, पक्षी बघतोय. तरी तो घरी आला की त्या रडायच्या. बायको रडलेली त्याला बघवत नसे.

मग त्याने थांबणं सोडलं. एकदा मी तळ्यावर भेटलो तर हा माझ्याशी बोलताना माझ्याभोवती गोल गोल फिरायला लागला. मला वाटलं, डोकं फिरलं. म्हटलं, "रे, म्हाका प्रदक्षिणा कित्याक घालता? देव समजलंस काय?"

"ठिपको हालूंक जाय," तो म्हणाला. "रावलो जाल्यार ती भियेता."

मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. पण खरं सांगू, त्या दिवशी तो दमलेला दिसत होता. साठी ओलांडलेला माणूस, छातीत स्टेंट, आणि त्याला तळ्याकाठी दोन मिनिटं उभं राहायची सोय उरली नव्हती. याचा मला आजही संताप येतो. कुणावर यावा ते कळत नाही. वैनींवर येऊ शकत नाही, सेजलवर येऊ शकत नाही, म्हणून तो ठिपक्यावर काढतो.

यंदाच्या पौषातली सकाळ. तळ्यावर धुकं होतं. मी पाव घ्यायला पिशवी घेऊन फाटकाशी उभा होतो, शिवदास पोदेर यायची वेळ झाली होती. शिवदास अजून सायकलवरच पाव विकतो. मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि रबरी भोंगा. घरोघर थांबत येतो, त्यामुळे त्याची सायकल माणसाच्या धावण्याएवढीच वेगात चालते.

कुंपणापलीकडून वैनींचा आवाज आला. मन खूश असलं की त्या मोठ्याने बोलायच्या. "भावजी, आज हे बरे धांवतात. मात्शे थांबतात, परत धांवतात. दोतोरान सांगलां तशें." मी म्हटलं, चला, शहाणपण आलं. "आणि आज वाड्यांतल्यान येतात," त्या म्हणाल्या. "देवळाकडल्यान वळले." मग त्या आत गेल्या, न्हाणीचं पाणी काढायला. पुन्हा बाहेर आल्या तेव्हा खांद्यावर टॉवेल होता आणि फोन हातात. "पावले," असं म्हणत त्यांनी फाटक उघडलं.

भोंगा वाजला. फाटकाबाहेर शिवदास उभा होता. त्याने प्लास्टिक बाजूला केलं, टोपलीतल्या उंडे-पावांच्या शेजारून गोकुळदासचा फोन काढला आणि पुढे धरला.

"वैनी, हो भाऊंचो फोन."

वैनींनी त्याच्यामागे रस्त्यावर बघितलं. रस्ता रिकामा होता. "आनी ते?"

"बांधार बसल्यात," शिवदास म्हणाला. "घाम आयिल्लो. म्हणले, मात्शें बसतां, तूं फोन घरा व्हर, ना जाल्यार ती भियेतली. हांव फाटोफाट येतां म्हणले." तो सहज सांगत होता. त्याला वाटत होतं, आपण शेजारधर्म केला. केलाच होता त्याने. गोकुळदासने मागितलेली मदत त्याने जशीच्या तशी केली होती, वाटेतली सगळी घरं घेत, सुटे पैसे मोजत.

वैनींनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि धावल्या. गाऊनवर, अनवाणी, खांद्यावरचा टॉवेल रस्त्यात पडला तरी वळून न बघता. आयुष्यात त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी स्कूटरची किल्ली शोधायला आत पळालो. ती सापडेपर्यंत त्या देवळापलीकडे गेल्या होत्या, आणि मी बांधावर पोचलो तेव्हा त्या माझ्याआधी तिथे पोचल्या होत्या.

गोकुळदास बांधाच्या कठड्याला पाठ टेकून बसला होता. पाय लांब सोडलेले, बुटांच्या नाड्या सैल केलेल्या, हात मांडीवर. गळ टाकणारे दोघे पलीकडच्या टोकाला होते. त्यांना वाटलं होतं, नेहमीसारखा तळं बघत बसलाय. मी त्याच्या मानेला हात लावला. अंग अजून गरम होतं, पण तो गेला होता. मला ते लगेच कळलं आणि वैनींना माझ्याआधीच कळलेलं होतं.

रुग्णवाहिकेला बोलवायचं म्हणून मी त्यांच्या मुठीतला गोकुळदासचा फोन घेतला. ॲप चालूच होतं. कुणी ते बंद केलं नव्हतं. तळ्यापासून घरापर्यंत आणि घरापासून परत तळ्यापर्यंत निळी रेघ आली होती, आणि रेघेवर पुण्याहून सेजलचा निरोप येऊन पडला होता. ऑफिसला निघता निघता तिने ठिपका पाहिला असणार. "बाबा, घरी पोचून परत धावायला गेलात? आणि इतक्या जोरात? आज अंगात काय संचारलंय? पुरे आता, आई रागावेल."

एकशे आठला फोन करून झाल्यावर मला तिला फोन करावाच लागला. माझा फोन घरी राहिला होता, म्हणून तिच्या बापाच्याच फोनवरून केला. तिने हसतच उचलला. म्हणाली, "बोला, चॅम्पियन."

मी म्हटलं, "सेजल, हांव दत्ताकाका."

मी दुकानात दिवसभर बडबड करणारा माणूस, आणि मला चार शब्द जुळवता येईनात. वैनींनी हात पुढे केला आणि फोन घेतला. त्या रडत नव्हत्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या कपाळावरचा घाम गाऊनच्या बाहीने पुसला आणि मग लेकीशी बोलल्या.

"बाबा बसल्यात गो," त्या म्हणाल्या. "म्हज्या भंयान तांकां बसपाक मेळूंक ना. आज बसल्यात. तूं यो, पूण रडत धांवत येवूं नाका. आमकां आतां कसलीच घाई ना."

मग फोन बाजूला ठेवून त्याही त्याच्या शेजारी कठड्याला टेकून बसल्या, आणि गाडी येईपर्यंत आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.