बाईंना सगळे सांगत

सर्वेक्षणाचा फॉर्म बाई कुणाच्याही घरात पिशवीबाहेर काढत नसत. ओसरीवर बसून धानाला पाणी मिळालं का, सून माहेराहून आली का, असं विचारत राहायच्या. मग बाहेर कडुनिंबाखाली बसून सगळं आठवून लिहायच्या. मला हे मुळीच खपत नसे. खरं म्हणजे खपत नसे ते वेगळंच. लोक त्यांना सांगत आणि मला सांगत नसत.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावाची ही माणसं, आता नव्या गावठाणात राहणारी. जुन्या गावात बाईंनी वीस वर्षं बालवाडी चालवली होती, म्हणून सगळे त्यांना ‘बालवाडीच्या बाई’ म्हणत. संकटातून घरं कशी सावरतात, हे मोजायचं काम आमच्या संस्थेला मिळालं होतं. मी भंडाऱ्याची, समाजकार्यात एम. ए. झालेली, बाई अकरावीपर्यंत शिकलेल्या. तरी घरं दोघींना सारखी वाटून दिली होती.

फॉर्ममध्ये प्रत्येक विधानापुढे पाच चौकटी होत्या, ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्णपणे’पर्यंत. मी स्पष्ट आवाजात वाचायचे, ‘अडचणीत आमच्या घरातली माणसं एकमेकांना धरून राहतात.’ समोरून ठरलेलं उत्तर यायचं, “लिवा ना मॅडम, चांगलं लिवा.” माझे फॉर्म स्वच्छ होते आणि सगळे एकसारखे होते.

बाईंना मी एकदा विचारलं, “तुम्हाला कसं काय सांगतात हे?”

“धरून राहता का म्हटलं त नाई कोन म्हनन?” त्या म्हणाल्या. “मी इचारतो, बिमार पडल्यावर पेज कोन देते.”

उत्तर इतकं साधं होतं की मला ते सुचलं नाही याचाच राग आला.

काम पडताळण्यासाठी संस्थेतल्या आमच्या सरांनी काही घरं आम्हा दोघींनाही दिली. त्यातलं एक दोन भावांचं होतं. माझ्या फॉर्मवर सगळीकडे ‘पूर्णपणे’. बाईंनी लिहिलं होतं की प्लॉटच्या वाटणीपासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. धाकट्याला बांधावर साप चावला तेव्हा थोरल्यानं त्याला शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मधे धरून भंडाऱ्याला नेलं, तीन दिवस दवाखान्यात त्याच्या पायाशी बसला आणि एक शब्दही बोलला नाही. गावी परतल्यावर दोघे आपापल्या दारानं आत गेले.

सरांनी हे बैठकीत मोठ्यानं वाचलं. “मला हे हवं आहे,” ते म्हणाले. मी खाली मान घालून वहीत रेघा ओढत होते.

पुढच्या आठवड्यात मुख्य कार्यालयातून तपासणीला मॅडम आल्या. त्या एकट्या असताना मी त्यांना गाठून सांगितलं की बाई प्रश्न क्रमानं विचारत नाहीत, लोकांसमोर लिहीत नाहीत. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाईंचे सगळे फॉर्म बाद झाले, त्यांचं काम थांबलं आणि त्यांची घरं माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी मी गावात उतरले तर बाई फाट्यावर उभ्या होत्या. “माये फॉर्म बाद झाले म्हनते. चाल, तुले घरं दाखवतो.”

आठ दिवस त्या माझ्याबरोबर फिरल्या. प्रत्येक घरी दाराशी बसून सांगायच्या, “मले सांगतलं तसंच इले सांग.” माणसं सांगायची, पण बाईंकडे बघून. मी क्रमानं लिहीत होते.

शेवटचं घर त्यांचंच होतं. शेती बुडाल्यापासून त्यांचे यजमान दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसत, फारसं बोलत नसत. मी वाचलं, ‘संकटानंतर आमचं घर पुन्हा पूर्वीसारखं झालं आहे.’

“पूर्वीचं घर त पान्यात हाये, पोरी,” बाई म्हणाल्या. “हे दुसरं हाये. आमी दोघंबी दुसरेच झालो. आता वळख होऊन राहिली.”

मी मधल्या चौकटीत खूण केली. असं उत्तर मला आयुष्यात देता येणार नाही, एवढंच तेव्हा मनात आलं. अहवालाच्या आभाराचं पान मी लिहिलं. त्यात बाईंचं नाव घातलं नाही.

काही वर्षांनी बाईंचे यजमान गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. मुलाकडे नागपूरला जायची बाईंची बांधाबांध चालली होती. मी धीर करून म्हणाले, “बाई, तुमची तक्रार मी केली होती.”

“मले ठावं होतं. सरनं तवाच सांगतलं.”

“मग माझ्याबरोबर काहून फिरल्या?”

बाईंनी पातेल्याला कापड गुंडाळत माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “तुया फॉर्मात सारं खोटं होतं ना. आमच्या गावाचं खोटं कायले जाऊ देऊ?”

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांनी मला मोठ्या मनानं माफ केलं, आणि त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटत होता. त्यांच्या मनात माझा विचार आलाच नव्हता. तेवढ्यात शेजारीण डोळे पुसत आत आली. बाईंनी पातेलं बाजूला ठेवलं, तिला जवळ बसवलं आणि त्या दोघी हळू आवाजात बोलू लागल्या. काय, ते मला ऐकू आलं नाही.