पाणी शिरल्याचे आढळले नाही

"हा पुराचा डाग न्हाय. तुमच्याकडच्या भिंती असल्याच असतात की."

माझ्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून तो माणूस असं म्हणाला. आत आलाच नाही. नाकाला रुमाल, हातात कागद अडकवलेलं पॅड, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या.

मी सोलापुरात नाल्याकाठच्या वस्तीत राहते. दोन खोल्या, वर पत्रा. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. मी बंगल्यात फरशी, धुणंभांडी करते. करत होते. गेल्या वर्षी पाऊस थांबेना, नाला फुगला आणि भर दुपारी आमच्या घरात कमरेइतकं पाणी घुसलं. गाद्या गेल्या, पीठ गेलं, पोरीची आठवीची पुस्तकं गेली. पाणी ओसरल्यावर महापालिकेची रिक्षा पुकारत फिरली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची यंदाची घरपट्टी माफ. त्यासाठी ऑफिसचा माणूस येऊन पंचनामा करणार.

घरपट्टी आम्हीही भरतो. वस्तीला नळ दोन दिसांआड येतो, गटार उघडं आहे, पण बिल वेळेवर येतं. दर मार्चला मी एक खाडा करते आणि रांगेत उभी राहते. म्हणून मला वाटलं होतं, हा माणूस आपल्यासाठीच आलाय.

मी म्हणाले, "साहेब, दसऱ्यासाठी आत्ताच चुना मारला होता. हे बघा, इथवर पाणी होतं."

त्याला खरं वाटावं म्हणून मी ओलं फडकं घेतलं आणि भिंत पुसायला लागले. चिखलाचा पट्टा निघाला. खाली पांढरं दिसलं. मी आनंदाने वळले.

तो हसला. "बघ. पुसलं की निघतंय. मग नुकसान कुटं झालं?"

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "व्हय साहेब."

आजही हे सांगताना जीभ जड होते. तो चुकीचं बोलत होता, मला कळत होतं, आणि मी मान हलवत होते. त्याने कागद पुढे केला. "हितं सही कर. लवकर. लई वास मारतोय." मी सही केली. वाचलंसुद्धा नाही. पोरगी मागे दप्तर उन्हात घालत होती. तिने सगळं पाहिलं. तेच जास्त लागलं.

चार दिवसांनी मी बंगल्यात कामावर होते. नाल्याच्या पलीकडे, उंचावर. सहा वर्षं मी त्या घराची फरशी पुसली. कुठली फरशी हलते, कुठल्या कोपऱ्यात मुंग्या येतात, सगळं ठाऊक. पुराच्या दिवशी पाणी फाटकातून आत येऊन गाडीची चाकं भिजवून गेलं होतं. पायऱ्या चढलं नव्हतं.

हॉलमध्ये सोफ्यावर तोच माणूस बसला होता. या वेळी बूट बाहेर काढून, पायमोज्यांवर. मी चहा नेला. त्याने मला ओळखलं नाही. चार दिवसांपूर्वी त्याने माझ्याकडे बघितलंच नव्हतं, ओळखणार कुठून.

मालक शेजारी बसले होते. कागद भरून झाला होता. एक पंच म्हणून शेजाऱ्यांची सही झाली होती. दुसरी पाहिजे होती.

मालक म्हणाले, "हिची घ्या की. घरातलीच हाय ती."

घरातली. सहा वर्षांत मला त्या घरात संडासला जायची परवानगी नव्हती. पाळीच्या दिवसांतसुद्धा मी वस्तीपर्यंत चालत जाऊन परत यायची आणि वैनी उशीर झाला म्हणून बोलायच्या.

मी हात पुसले आणि कागद घेतला. पेन घेतलं नाही.

"वाचतीस काय?" तो माणूस म्हणाला.

"नववीपतोर शिकलेय."

मी मोठ्याने वाचलं. तळमजल्यावरील खोल्यांमध्ये पाणी शिरून फरशी व फर्निचरचे नुकसान झाल्याचे प्रत्यक्ष पाहिले.

वैनी आतून आल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, ते सगळे असंच लिहितात. तू सही कर. दिवाळीला तुला चांगली साडी काढून ठेवलीय."

मी शूर नव्हते. मला घरभाडं नसलं तरी पोरीची फी होती, गॅस होता, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण भिंत पुसणारा माझा हातही डोळ्यांपुढे आला.

मी म्हणाले, "माझ्या घरात कंबरभर पाणी होतं. ते ह्यांनी लिवलं न्हाय. हितं पाणी आलंच न्हाय, ते लिवलंय. मी रोज पुसते ही फरशी. मी सही करणार न्हाय."

तो माणूस आता बघायला लागला. पहिल्यांदाच तोंडाकडे.

मालकांचा आवाज चढला नाही. तो माणूस हातातला कप ठेवेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "तुमच्या लोकांना जवळ केलं की असं होतं. उद्यापासनं येऊ नको."

मी कागद टीपॉयवर ठेवला. चपला मागच्या दारापाशी होत्या. त्या घेतल्या आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.

नवऱ्याने शाबासकी दिली नाही. "कशाला तोंड उघडलंस? त्यांचं काय बिघडलं?" त्याचंही खरं होतं. बंगल्याची घरपट्टी माफ झाली. दुसऱ्या पंचाची सही त्यांच्या ड्रायव्हरने केली. मला त्याचा राग नाही. त्यालाही पोरं आहेत.

मला बिल आलं. पुराच्या वर्षीचं, पूर्ण. मग मी ऑफिसात गेले आणि माझ्या पंचनाम्याची नक्कल मागितली. उद्या या. परवा या. साहेब मीटिंगमध्ये आहेत. चौथ्या खेपेला मी बाकड्यावर बसूनच राहिले. शेवटी नक्कल मिळाली. त्यावर एकच ओळ होती. घरात पाणी शिरल्याचे आढळले नाही. खाली दोन पंच. त्या नावांची माणसं आमच्या वस्तीत कुणी पाहिलेली नाहीत.

मी शेजारणीला तिची नक्कल काढायला लावली. मग तिच्या जावेला. बायकांनी एकेक करून कागद आणले, माझा धरून अकरा. पोरीने माझ्या घरात खाली बसून सगळे वाचले. अकरा घरं, एकच ओळ, एकच अक्षर, तेच दोन पंच. एका घरात तर म्हातारी पाण्यात पडून खुब्याचं हाड मोडून बसली होती. तिच्याही कागदावर तेच. आढळले नाही.

मला एकटीलाच हिणवलं, असं मी धरून चालले होते. म्हणून लाज वाटत होती. त्या दिवशी लाज गेली. तिथे दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

पोरीने अर्ज लिहिला. फेरपंचनामा करा, आत येऊन करा, आणि खोटा पंचनामा कुणी केला ते लिहून द्या. अकरा जणींची नावं. अर्ज दिला, शिक्का घेतला.

गेल्या आठवड्यात ऑफिसातून बोलावणं आलं. मोठे साहेब. मला खुर्ची दिली. चहा सांगितला. "ताई" म्हणाले.

"ताई, तुमचं नुकसान झालंय, मला दिसतंय. तुमची माफी मी आज मंजूर करतो. फक्त हा सगळ्यांचा अर्ज मागं घ्या. बाकीच्यांचं बघू नंतर."

खोटं कशाला सांगू, मन हललं. काम अजून मिळालेलं नव्हतं. एक सही आणि बिल कोरं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली आवारात म्हातारीची सून उभी होती. माझ्यासोबत आलेली, तिला वर सोडलं नव्हतं.

मी विचारलं, "माझ्या घरात शिरलेलं पाणी खाली उभी हाय तिचं दार सोडून आलं काय, साहेब?"

त्यांनी अर्ज परत फाइलीत घातला.

चहा येण्याआधी मी उठले. सुनावणी मंगळवारी लावली आहे. निरोप आलाय, गर्दी करू नका, एकेकीने आत यायचं.

एकेकीने आम्ही जाणार नाही. म्हातारीला बाजेसकट उचलून नेणार आहोत. दार बंद केलं तर दारात बसणार. माझी घरपट्टी माफ झाली आणि दहा जणींची राहिली, तर तो कागद मी घेणार नाही.